हिरवी चांदणी

प्रशिक्षण म्हणजे हजेरीवर सही ठोकायची, मागचा बाक धरायचा आणि डब्याच्या सुट्टीकडे डोळे लावून बसायचं, अशी शिक्षकमंडळींची जुनी पद्धत. मोठ्या बाईंच्या वर्गात मात्र ती चालत नसे. बाई खडूचा तुकडा फेकून मारायच्या, आणि त्यांचा नेमही चांगला होता. समोर बसलेले सगळे स्वतःच शिक्षक, कुणी पंचविशीतले तर कुणी निवृत्तीला टेकलेले. पण बाई आत आल्या की सगळ्यांच्या पाठी ताठ.

केंद्र म्हणजे एका जुन्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. ज्या मुलांच्या घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, त्यांना शिकवणाऱ्यांनी इथे यायचं, शिकायचं आणि जाताना लागेल ते साहित्य घेऊन जायचं. कपाटांत चित्रांचे पत्ते होते, आयाबापांच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या चौदा भाषांतल्या गोष्टी होत्या, आणि खिडकीपाशी दोरीने बांधलेली एक जाडजूड वही होती. शहरात कुठली भाषा कोण बोलतं, तो माणूस कुठे सापडतो, पालकसभेला बोलावलं तर येतो का, हे सगळं त्या वहीत. बाईंनी ती दारोदार हिंडून स्वतः भरलेली. वहीला दोरी अशासाठी, की शिक्षक नेलेली वस्तू परत करत नाहीत याचा बाईंना तीस वर्षांचा अनुभव होता.

त्या दिवशीही त्यांनी नेहमीचं सांगितलं. "घरची भाषा घरी राहू द्या. आईला तिच्या भाषेत बोलू द्या, रागावू द्या, गाऊ द्या. ती भाषा पक्की असली की शाळेची भाषा तिच्या आधाराने येते. पूर्वी आपण उलटं सांगायचो. आपलं चुकलं."

हे "आपलं चुकलं" बाई प्रत्येक प्रशिक्षणात म्हणत. न चुकता. "माझं" असं मात्र त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. "आपलं" म्हटलं की चूक सगळ्यांत वाटली जाते आणि आपल्या वाट्याला येते ती चिमूटभर. बाई काही वाईट नव्हत्या, पण एवढी हुशारी त्यांच्यात होती.

डब्याच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा मागच्या बाकावरची एक तरुण शिक्षिका तेवढी वर थांबली. सव्वीस वर्षांची असेल. हातात पिशवी, डोळ्यांखाली काळं.

"बाई, ओळखलंत का?"

बाईंनी चष्मा वर केला आणि एका क्षणात त्यांचा चेहरा उजळला. "मैना! अगं, तू शिक्षिका झालीस? कधी? आणि मला सांगितलं नाहीस?"

मैना हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते बाईंनीच ठेवलेलं. वीस वर्षांपूर्वी बाई पहिलीच्या वर्गाला शिकवत होत्या तेव्हा ही पोरगी वर्गात आली ती तोंडाला कुलूप लावल्यासारखी. शाळेच्या भाषेतला चकार शब्द येत नव्हता. सहा महिन्यांत इतकं घडाघडा बोलायला लागली की बाईंनी तिला मैना म्हणायला सुरुवात केली, आणि वरून साहेब तपासणीला आले की तिलाच पुढे उभी करायला लागल्या. या केंद्रावर बाई आल्या त्या मैनाच्या जोरावर. तिच्यावर त्यांनी निबंध लिहिला होता, तो वाखाणला गेला होता, आणि मग बाईंना इतर शिक्षकांना शिकवायला बोलावणी येऊ लागली होती.

मैनाने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. प्लास्टिकमध्ये घट्ट बंद केलेला, कडा किंचित पिवळ्या पडलेल्या, पण अक्षर न् अक्षर शाबूत. वर ठळक मथळा होता, पालकांसाठी सूचना. एकूण अकरा. चौथी अशी होती, मुलासमोर स्वतःची भाषा बोलू नये. शाळेची भाषा येत नसेल तर गप्प राहावे, पण चुकीची सवय लावू नये. खाली बाईंची सही.

पहिल्या तीन सूचना वरून आल्या होत्या. चौथीतलं "गप्प राहावे" त्यांनी स्वतः घातलं होतं. वाक्य कसं ठसठशीत झालं म्हणून त्या दिवशी त्यांना आनंदही झाला होता. आणि कागद टिकावेत म्हणून शाळेत नव्याने आलेल्या यंत्रावर एकेक प्लास्टिकमध्ये बसवला होता, तोही त्यांनीच, तीन दुपारी उभं राहून.

"आईने कपाटाच्या दाराला आतून लावला होता," मैना म्हणाली. "आणि बाजूला दारावरच्या चांदण्या, जपून आणून लावलेल्या."

चांदण्यांचं ऐकलं आणि बाई खुर्चीत बसल्या. त्या काळी त्या महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जात. गृहभेट म्हणायचे त्याला. अवचित जायचं, दारात उभं राहून जरा कानोसा घ्यायचा, आत कुठली भाषा चाललीय ते बघायचं. शाळेची भाषा असेल तर दाराला एक हिरवी चांदणी चिकटवायची. दुसरी असेल तर आधीची काढून घ्यायची. चाळीतल्या बायकांत त्या चांदण्यांवरून चुरस लागायची. मैनाच्या आईची चांदणी बाईंनी फक्त एकदाच काढून घेतली होती. जिन्यावरून त्यांना गाणं ऐकू आलं होतं, पोरीला झोपवताना म्हणायचं काहीतरी. दार उघडल्यावर त्या बाईने जीभ चावली होती आणि दोन्ही हात जोडले होते. त्यानंतर त्या घराची चांदणी कधी गेली नाही.

"आई कशी आहे गं?" बाईंनी विचारलं. विचारायला उशीरच झाला होता.

"दवाखान्यात आहे. तीन आठवडे झाले. डोक्यात रक्त साकळलं." मैना उभीच होती. "बाई, तिला शाळेची भाषा येत नव्हती हे तुम्हाला माहीत होतं. ती शर्टांना काजं-बटणं करायची, खाली मान घालून, तिच्याशी कोण बोलणार? तिने तुमच्याकडून चित्रांचे पत्ते नेले आणि त्यावरून शब्द पाठ केले. ये, जेव, झोप, छान, सावकाश, उशीर झाला, ताप आहे का. मी एकदा मोजले होते. चाळीस भरले. आईने मला चाळीस शब्दांत वाढवलं."

बाईंनी कागद उलटा करून ठेवला.

"मला वाटायचं, माझी आई अबोल आहे. थोडी मंदही वाटायची मला, खोटं का बोलू. मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटायची." तिने नाक पुसलं. "आता डॉक्टर म्हणतात, मागाहून शिकलेलं सगळं पुसलं गेलंय. पहिली भाषा तेवढी उरलीय. आणि ती बोलते हो बाई! सकाळपासून बोलते. हसते, हातवारे करते, मला काहीतरी सांगते आणि उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत बसते. माझी आई इतकी बोलकी आहे हे मला माहीतच नव्हतं. सहा वर्षांची होईपर्यंत मीही तीच बोलायचे, आणि आता मला त्यातलं एक अक्षर कळत नाही."

बाप लहानपणीच गेलेला, नातेवाईक कुणी उरलेले नाहीत, फोनमध्येही ती भाषा सापडत नव्हती. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की दुसरा झटका केव्हाही येईल आणि तो झेपणार नाही. म्हणून मैना आली होती. प्रशिक्षणाला नव्हे, वहीसाठी.

बाई उठल्या आणि वही उघडली. त्या भाषेपुढे एकच नोंद होती, त्यांच्याच अक्षरात. पोस्टाच्या मागची गल्ली, इस्त्रीचं दुकान. बडबड्या. बोलावलं तर येतो.

"मी फोनवर थोडं रेकॉर्ड केलंय," मैना म्हणाली. "हेच त्यांना ऐकवते. चार मिनिटांचं आहे."

"रेकॉर्ड कशाला? माणूस समोर असताना यंत्रातून काय ऐकायचं? त्यांना घेऊन उद्याच जाऊ. मी पण येते."

"तुम्ही यायलाच पाहिजे असं नाही, बाई."

"येते," बाई म्हणाल्या. "मला तिची माफी मागायचीय."

मैनाला ते नको होतं हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं आणि समोरच्याचा चेहरा वाचण्यात बाईंची अर्धी हयात गेली होती. पण तो चेहरा त्यांनी त्या दिवशी वाचला नाही. वीस वर्षांचं ओझं उतरवायची संधी चालून आली होती आणि त्यांना घाई झाली होती. नंतर त्यांनी याच एका गोष्टीसाठी स्वतःला दूषणं दिली. मुलगी फोन हातात घेऊन उभी होती, आणि आपण तिला तो पिशवीत ठेवायला लावला.

इस्त्रीवाले काका दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला दवाखान्याच्या दारात हजर होते. स्वतःच्या कपड्यांना इस्त्री नव्हती. "लोकांच्याच करण्यात दिवस जातो," ते म्हणाले. जिना चढताना तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांचं तोंड बंद झालं नाही. आपली भाषा शेवटची कधी बोललो, कुणाशी बोललो, बायको गेल्यापासून कसं भांडायलाही कुणी उरलं नाही. "आज मला पण बरं वाटणार आहे बघा. मी फुकट येतो असं समजू नका, मला बोलायला मिळतंय."

बायकांचा वॉर्ड कोपऱ्यात होता. आठ खाटा, एक मोठी खिडकी, फिनेलचा वास. दारापर्यंत पोचण्याआधीच आवाज ऐकू आला. वर जाणारा, खाली येणारा, मध्येच खुदकन हसणारा बाईचा आवाज. काका जागीच थांबले. त्यांचे डोळे भरून आले.

"काय म्हणतेय?" मैनाने त्यांचा हात धरला.

"शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगतायत, तुझ्या सुनेचा डबा रोज तोच असतो. तोंड वाईट करून सांगतायत." काका हसले. "ऐका, ऐका, आता..."

आणि बाई आत गेल्या. माणसाने एवढी वाट बघितल्यावर दारात उभं राहवत नाही. त्या सरळ खाटेपाशी गेल्या, हात जोडले, आणि म्हणाल्या, "ओळखलंत का मला?"

खाटेवरचा आवाज मध्येच तुटला.

खाटेवरच्या बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळखायला वेळ लागला नाही. तिने चादर सारखी केली, केस कानामागे घेतले, पाठ ताठ केली. मग मैनाकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे बघितलं आणि उजवा तळवा स्वतःच्या तोंडावर ठेवला.

"बोला," बाई म्हणाल्या. "तुमच्याच भाषेत बोला. काका, सांगा त्यांना. माझं चुकलं म्हणावं. मी चुकीचं सांगितलं होतं."

काकांनी सांगितलं. अगदी मऊ आवाजात सांगितलं. तिने ऐकलं, तिला कळलंही, आणि ती मान हलवत राहिली. नाही, नाही. मग तिने काकांकडे असं रागाने बघितलं की ते दोन पावलं मागे सरले. ती बोटाने मैनाकडे दाखवत होती. पोरीसमोर नको, असं.

काय झालंय ते बाईंच्या ध्यानात आलं. पूर्वीही त्या असंच करायच्या. दारात आल्या की गोड बोलायच्या, तुमच्या गावाकडचं काही सांगा की, म्हणायच्या, आणि घरातली आई भोळेपणाने आपल्या भाषेत बोलली की चांदणी काढायच्या. ती त्यांची युक्तीच होती. खाटेवरची बाई गृहभेटीला उभी होती. परीक्षा चालू होती, आणि त्या एका चांदणीनंतर ती वीस वर्षांत हरली नव्हती.

तिने तोंडावरचा हात काढला. ओठ जुळवले. कपाळावर शिरा आली, घाम आला. पुसल्या गेलेल्या पाटीवरून एकेक अक्षर गोळा करावं तसं तिने काहीतरी गोळा केलं आणि म्हणाली, "छा... न." मग बाईंकडे बघून हसली आणि पुन्हा म्हणाली, "छान. छान."

बाई बाहेर पळाल्या. खरंच पळाल्या, वयाचा विचार न करता.

थोड्या वेळाने काका बाहेर आले. "त्या फक्त एक विचारतायत. बाई गेल्या का?"

"गेल्या म्हणून सांगा," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या. खाली जाऊन आवारातून फाटकापर्यंत गेल्या, वरच्या खिडकीतून दिसावं म्हणून मुद्दाम मोकळ्यावरून चालत गेल्या. मागे वळून बघायचं नाही, एवढं त्यांनी मन घट्ट करून पाळलं.

पण उपयोग झाला नाही. सहा वाजेपर्यंत काका खाटेशी बसून होते. त्यांनी विनवलं, गोष्टी सांगितल्या, गावाकडची दोन गाणी म्हटली. ती ऐकत होती, डोळ्यांतून पाणी काढत होती आणि तोंडावरचा हात हलवत नव्हती. काका बाईंचा माणूस आहे, हे तिने पक्कं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी मैना एकटीच गेली. आई तिच्याशीही बोलली नाही. नर्सशी नाही, शेजारच्या खाटेशी नाही. परीक्षा चालू आहे म्हणजे चालू आहे. चौथ्या दिवशी सकाळी, मैना डोक्यावरून हात फिरवत असताना, ती गेली.

बाईंना हे मैनाने फोन करून सांगितलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यानंतरच्या आठवड्यात केंद्रावर प्रशिक्षण होतं. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पूर्वी मी उलटं सांगायचे. माझं चुकलं." समोरच्यांनी वहीत लिहून घेतलं. कुणाला त्यात काही फरक दिसला नाही.

दोन दिवसांनी दुपारी मैनाचा निरोप आला. इस्त्रीच्या दुकानात या. ते चार मिनिटांचं ऐकायचंय. तुम्ही पण ऐका.

दुकान कसलं, एक खोपटं. एक टेबल, कपड्यांचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकासाठी एक लाकडी बाक. बाई बाकावर बसल्या. मैना टेबलाशी उभी राहिली आणि तिने फोन कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. काकांनी इस्त्री बंद करून बाजूला उभी केली.

तोच आवाज निघाला. वर जाणारा, खाली येणारा. मैना थोडं थोडं थांबवत होती आणि काका सांगत होते.

"म्हणतायत, किती वाळलीस. केसांना तेल नाही, मेल्याहून मेल्यासारखी दिसतेस." मैना हसली. "म्हणतायत, तू झालीस तेव्हा तुझ्या बापाने तुला उलटी धरली होती, त्याला कळतच नव्हतं डोकं कुठे न् पाय कुठे. मी ओरडले त्याच्यावर." पुन्हा थोडं. "शाळेतल्या तुझ्या भाषणाला मी आले होते, मागे उभी होते. मला काही कळलं नाही, पण लोक टाळ्या वाजवत होते म्हणून मी पण वाजवल्या. म्हणतायत, तू मला विचारायचीस, आई, तू गप्प का? मला सांगता येत नव्हतं ना गं. तुला वाटलं असेल आईला काही सांगायचंच नाही. मला एवढं होतं, एवढं..." काकांनी दोन्ही हात पसरून दाखवले, कारण फोनमधल्या बाईनेही ते पसरले असावेत, असं त्यांना आवाजावरून वाटलं.

मग आवाज एकदम बारीक झाला. कानात सांगितल्यासारखा. फोनमध्ये खुदकन हसू आलं आणि संपलं.

काकांनी बाईंकडे एकवार बघितलं आणि खाली बघत टेबलावरच्या शर्टाची कॉलर सारखी करत राहिले.

"सांगा काका," मैना म्हणाली.

"जाऊ दे ना पोरी."

"सांगा."

"म्हणतायत..." काकांनी घसा साफ केला. "म्हणतायत, मी तुझ्याशी बोलले हे बाईंना सांगू नकोस हं. चांदणी काढून नेतील."

बाहेर कुणीतरी कपडे घेऊन आलं होतं, ते दारातूनच परत गेलं. बाईंनी पदरी काही न उरलेल्या माणसासारखे हात मांडीवर ठेवले होते. रडू येत होतं, पण इथे रडण्याचा हक्क आपला नाही हे त्यांना कळत होतं.

मैनाने डोळे पुसले. तिने फोन मागे घेऊन ते शेवटचं पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "काका, हे तिच्या भाषेत म्हणायला मला शिकवा. हेच. बाईंना सांगू नकोस."

काकांनी सावकाश म्हणून दाखवलं. तिने म्हटलं, चुकलं. काकांनी तोडून तोडून परत सांगितलं. तिने पुन्हा म्हटलं, अर्धं बरोबर आलं. तिसऱ्या खेपेला ते नीट आलं, अगदी फोनमधल्या आवाजासारखं. बाकावर बसलेल्या बाईंच्या तोंडून तीस वर्षांच्या सवयीने "छान" निघणार होतं. त्यांनी ते दातांखाली दाबून धरलं. मैनाने त्यांच्याकडे न बघता ते वाक्य चौथ्यांदा म्हटलं.